पूर्वीची माणसं कणखर होती ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. मी मुंबईत बत्तीस वर्षं वस्तीत घरोघर फिरणारी परिचारिका होते. हे कळलं की हळदीकुंकवाला, महिला मंडळात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. ‘‘पूर्वी दवाखाने नव्हते, लशी नव्हत्या, तरी माणसं नव्वदी गाठायची. कणखर होती ना हो? आताच कुठून आले एवढे आजार?’’ एरवी मी थोडक्यात बोलून विषय पुढे नेते. पण परवा विचारणारी पंचविशीतली आई होती. मांडीवर पाच महिन्यांची मुलगी. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं होतं की एवढ्या सुया टोचायची काही गरज नाही, आपल्या आजेसासूबाईंना कुठे टोचल्या होत्या? तिला दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमलं नाही. म्हणून हे सविस्तर.

असा पुरावा माझ्याही घरात होता. माझे सर्वांत थोरले मामा, दगडूमामा, अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले. शेवटच्या वर्षापर्यंत लालबागच्या चाळीचा तिसरा मजला चढत होते. दात शाबूत, चष्मा फक्त पेपरापुरता. सगळे म्हणायचे, जुनं हाड. मीही म्हणायचे. पुढे नोकरीमुळे जुने आरोग्य अहवाल वाचायची सवय लागली आणि एक दिवस १९२१ सालचे आकडे समोर आले.

मुंबई महापालिकेचा आरोग्य अधिकारी दरवर्षी शहरातल्या जन्ममृत्यूंचा हिशेब मांडायचा. त्यात घराच्या आकारानुसारही बालमृत्यू मोजलेले आहेत. १९२१ मध्ये चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत दर हजार जन्मांमागे १३३ मुलं वर्षाच्या आत गेली. तीन खोल्यांच्या घरांत १९१. दोन खोल्यांत ३२२. आणि एक खोली किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांची ८२८.

हजारातली आठशे अठ्ठावीस. मी तो आकडा बोट ठेवून पुन्हा वाचला. मला वाटलं छपाईची चूक असेल. चूक नव्हती. सगळ्या शहराची सरासरीच त्या वर्षी हजारी ६६०च्या वर होती. त्याच वर्षी इंग्लंडात हा आकडा ८३ होता.

एक खोली म्हणजे तेव्हाच्या मुंबईत अपवाद नव्हे. १९२१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती आणि त्यातली साधारण दोन तृतीयांश माणसं एकखणी बिऱ्हाडांत राहत होती. भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी या पट्ट्यात, ज्याला आपण गिरणगाव म्हणतो, तिथे तर बहुतेक सगळीच. माझी आजी त्यातलीच एक. संगमेश्वराकडून लग्न होऊन आलेली, लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत दीर, जावा, दोन गाववाले खानावळीला, आणि दिवसभर कापडगिरणीच्या वायंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यात.

ती खोली कशी असेल हे मला आजीच्या तोंडून माहीत होतं, पण तिने कधी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, त्यामुळे मलाही त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. वाटलं ते एका परक्या बाईचं वर्णन वाचून. मुंबई सरकारने त्याच सुमाराला डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीणबाईंना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची चौकशी करायला नेमलं होतं. त्या चाळी चढल्या. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर, पंधरा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीत त्यांना सहा कुटुंबं आढळली. जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली. लहानमोठी धरून तीस माणसं. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. इथे बाळंतपण कसं करणार, असं बाईंनी सोबतच्या नर्सला विचारलं, तेव्हा तिने एक कोपरा दाखवला. तीन फूट बाय चार फूट. एरवी आडपडदा लावून तिथेच बाळंतपणं व्हायची.

हे वाचताना मी त्या नर्सचाच विचार करत होते. तिची नोकरी म्हणजे माझी नोकरी. सहा चुलींचा धूर, खिडकी असली तर एक, बाहेर घरगल्ली आणि तिच्यात टोपलीच्या संडासांची घाण. मुंबईला तानसाचं पाणी १८९२ मध्ये आलं, पण आलेलं पाणी वापरून झाल्यावर वाहून नेणारी गटारं कित्येक भागांत नव्हतीच. दोन इमारतींमधल्या त्या बोळांत सगळं मुरत राहायचं. आज एखाद्या बाळाला न्यूमोनिया झाला तर मी आईला सांगते, धूर टाळा, खोली हवेशीर ठेवा, गर्दीत नेऊ नका. त्या नर्सने तीन बाय चारच्या कोपऱ्यात काय सांगायचं होतं?

बाळ जन्मल्यावरचे पहिले दहा दिवस सर्वांत वाईट. नाळ सुईण कापायची, जे हाताशी असेल त्याने, बहुतेक विळ्याने. नवजात बाळाचा धनुर्वात साधारण चौथ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत दिसायला लागतो. आधी दूध ओढत नाही, मग जबडा आवळतो, मग अंग ताठ. आपल्याकडे पाचवी पूजतात, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात, त्या रात्री बाळाजवळ दिवा जागता ठेवतात. माझा असा समज झाला आहे, आणि मी तो समज म्हणूनच सांगते, की पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हे दिवस अनुभवाने मोजलेले होते. नेमकी याच रात्री बाळं जातात हे त्यांना ठाऊक होतं. का जातात ते ठाऊक नव्हतं. आता गरोदर बाईच्या दंडावर दिलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन त्या रात्रीची भीती घालवतं. त्या तरुण आईलाही गरोदरपणी ते दिलं होतं. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

दहा दिवस निभावले तर गिरणी. बायकांना दिवसाचे दहा-अकरा तास खात्यात काढावे लागत. रजा घेतली की पगार नाही, आणि फार दिवस घेतली तर नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम, जागा दुसरीला देऊन टाकणार. मग बाळाचं काय करायचं? बाळागोळी. अफूची बारीक गोळी, बाजारात उघड मिळायची. सकाळी जाताना एक दिली की बाळ दुपारपर्यंत हलत नसे. डॉ. बार्न्सना गिरणीतल्या बायकांच्या जवळजवळ सगळ्याच बाळांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. लोक या गोष्टीवर चटकन त्या आयांना नावं ठेवतात, म्हणून मी जरा थांबते. गोळीने बाळ झोपतं हे खरं. पण त्याची भूकही मरते. ते दूध मागत नाही, वाळत जातं, आणि खोकला झाला तर कफ बाहेर टाकायचीही ताकद राहत नाही. आई घरी येते तेव्हा बाळ शांत असतं, आणि दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला शांत बाळ म्हणजे सुखी बाळच वाटणार. माझ्या आजीनेही गोळी दिली होती. हे तिने मला एकदाच सांगितलं, माझी नोकरी लागली त्या वर्षी, आणि नंतर पुन्हा कधीही त्यावर बोलली नाही.

आता त्या ८२८कडे परत येते, कारण त्यात एक मेख आहे आणि ती लपवली तर मी तुम्हाला खोटं सांगितल्यासारखं होईल.

बालमृत्यूचा दर म्हणजे साधा भागाकार. वर वर्षात दगावलेली मुलं, खाली वर्षात जन्मलेली. मुंबईत मृत्यूची नोंद बऱ्यापैकी चोख होती, कारण स्मशानात किंवा कबरस्तानात नोंद केल्याशिवाय प्रेताची विल्हेवाट लागत नसे. जन्माची नोंद मात्र घरच्यांनी जाऊन करायची, आणि ती पुष्कळजण करत नसत. त्याहून मोठी गोष्ट, गिरणगावातल्या बायका बाळंतपणाला गावी जायच्या. पहिलं तर माहेरीच. रत्नागिरीच्या बोटीत बसून सातव्या-आठव्या महिन्यात जायचं, बाळ तीन महिन्यांचं झालं की परत खात्यावर यायचं. म्हणजे जन्म कोकणातल्या एखाद्या गावाच्या वहीत, किंवा कुठल्याच वहीत नाही. आणि ते बाळ पावसाळ्यात चाळीत दगावलं तर मृत्यू मुंबईच्या वहीत. आजीचं पहिलं मूल असंच. माहेरी जन्मलं, साडेतीन महिन्यांचं असताना लालबागला आलं आणि श्रावणात गेलं. मुंबईच्या हिशेबात ते अंशात आहे, छेदात नाही.

म्हणून ८२८ हा आकडा फुगलेला आहे. जाणकारांनी तेव्हाही हे लिहून ठेवलं होतं. मी माझ्यापुरता तो अर्धा करून पाहते. अर्धा केला तरी दहातली चार मुलं. शिवाय नोंदींच्या चुका जमेस धरल्या तरी एक खोली आणि चार खोल्या यांच्यामधलं सगळं अंतर काही वहीतल्या घोळाने भरून निघत नाही. चार खोल्यांच्या घरातली आईसुद्धा पहिलटकरीण असताना माहेरी जातच होती.

‘कणखर’ या शब्दावर माझा खरा राग आहे तो इथे. आपण म्हणतो तेव्हा वाटतं, मरण माणसाची ताकद बघून येतं. गिरणगावाच्या आणि त्याला लागून असलेल्या जुन्या वस्त्यांच्या नोंदी वाचल्या तर ते जागा बघून येतं असं दिसतं. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, पहिल्यांदा ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, गोव्यातल्या हडफडे गावचे. मांडवी म्हणजे बंदरालगतच्या धान्याच्या वखारी, त्यात उंदीर, आणि वखारींच्या वरच माणसं. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर गाव गाठून मोकळं झालं. जे गेले नाहीत त्यांत कणखर किती आणि ज्यांना गावच नव्हतं किंवा भाडं नव्हतं असे किती, हे कुणी मोजलेलं नाही. प्लेगनंतर १८९८च्या कायद्याने शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, हवा खेळती झाली. पण पाडलेल्या घरांतली बिऱ्हाडं हवेत विरघळत नसतात. ती शेजारच्या चाळींत घुसली आणि तिथली दाटी वाढली.

१९१८चा इन्फ्लुएंझा तर अजून स्पष्ट बोलतो. त्या वर्षी ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. आरोग्य खात्याने समाजवार मृत्यूदर काढले. युरोपियनांत हजारी आठच्या आसपास, पारशांत नऊ, सवर्ण हिंदूंत जवळपास एकोणीस, आणि ज्यांना तेव्हाच्या कागदांत खालच्या जातीचे म्हटलं आहे त्यांच्यात एकसष्ट. आजार तोच, शहर तेच, महिना तोच. ही एकसष्ट माणसं काय नाजूक होती? शहरातली सगळ्यांत अंगमेहनतीची कामं तीच करत होती. संडासांच्या टोपल्या तीच उचलत होती.

परळच्या पोयबावडीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या आहेत. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई वीसएक वर्षं राहिले. मी त्या भागात कामाला असताना कितीदा त्या जिन्यावरून गेले आहे. त्यांना पाच मुलं झाली. एकटे यशवंतराव मोठे झाले. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला. परदेशांतल्या पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, आणि तरी गिरणगावच्या त्या कोष्टकाने त्यांच्या घरालाही सोडलं नाही. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबईच्या विधिमंडळात आसवले या सदस्यांनी गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचं विधेयक आणलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कामगार नेते ना. म. जोशींनी चार वर्षांपूर्वी केंद्रीय विधिमंडळात असाच प्रयत्न केला होता, तो फेटाळला गेला होता. मुंबईचा कायदा १९२९ मध्ये झाला. दिवसाला आठ आणे, काही आठवड्यांपुरते. आज हास्यास्पद वाटेल, पण ते आठ आणे म्हणजे बाळाला गोळी न देता घरी राहण्याचे दिवस होते. माझ्या कामाच्या पूर्ण काळात मी जेवढी औषधं वाटली, त्यांतल्या कितीतरी औषधांपेक्षा मला या आठ आण्यांचं मोल जास्त वाटतं.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, मुलं जायची, पण जी राहिली ती तर दणकट होती. हाच तर डोळ्यांना होणारा भास. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान विसाच्या आसपास होतं. याचा अर्थ विशीत सगळे मरत होते असा नाही. खूप मुलं पाळण्यातच गेली आणि थोडी माणसं साठी-सत्तरी-नव्वदीपर्यंत पोचली, त्यांची ती बेरीज-भागाकार. आपल्याला भेटतात ती पोचलेली माणसं. त्यांच्या काठीचा आवाज आपण ऐकलेला असतो. जी पोचली नाहीत त्यांचा फोटो नाही, कित्येकदा नावही नाही, कारण बारसं व्हायच्या आधीच गेली. २०२० मध्ये महाराष्ट्रात हजारात सोळाच्या आसपास बाळं पहिल्या वर्षात गेली. तीही जायला नको होती. पण सोळा आणि कित्येक शे यांच्यामध्ये जे उभं आहे ते नळाचं पाणी, गटारं, दवाखान्यातली बाळंतपणं, भरपगारी रजा आणि त्या तरुण आईला नकोशा वाटणाऱ्या सुया.

आपल्या भाषेत याची खूण आहेच. धोंडू, दगडू, भिकू, केरू ही नावं आपल्याला विनोदी वाटतात. कुठल्याही आईला आपल्या मुलाचं नाव दगड ठेवायची हौस नसते. आधीची मुलं गेली की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावरून घसरून जाईल. काही ठिकाणी नाक टोचायचे, काही ठिकाणी मूल शेजारणीला मूठभर कोंड्याला विकून परत घ्यायचे. जुन्या शाळेचा पट काढा आणि वर्गात किती दगडू-धोंडू होते ते मोजा. आरोग्य अधिकाऱ्याच्या अहवालाइतकीच ती नोंद बोलकी आहे. जुन्या बायका मुलांचा हिशेबही दोन आकड्यांत सांगायच्या. ‘झाली नऊ, राहिली चार.’ आजी तसंच सांगायची, आणि ‘राहिली’ म्हणताना आवाज खाली आणायची, जणू मोठ्याने म्हटलं तर त्यातलंही एखादं कमी होईल.

माझी मुलगी झाली तेव्हा आजी सत्तरीच्या पुढे होती. मी महिनाभर तिच्याजवळ होते. आजी रोज सकाळी उठून पाळण्यापाशी यायची आणि मला एकच विचारायची. बाळ कसं आहे, रडलं का, दूध प्यायलं का, यांतलं काही नाही. विचारायची, ‘‘आहे ना?’’ मी तेव्हा शिकलेली नर्स होते. मला ते अपशकुनी वाटायचं आणि मी चिडायचे.

दगडूमामा आजीचे चौथे. आधीची तिन्ही लालबागच्या खोलीत गेली. पहिलं श्रावणात, ते मी सांगितलंच. दुसरं नवव्या दिवशी. तिसरी मुलगी, दहा महिन्यांची, देवीने. एकालाही नाव नव्हतं, म्हणजे आजीने कधी उच्चारलं नाही. एवढ्या लहान मुलांना दहन नाही, श्राद्ध नाही, पुरून यायचं आणि विसरायचं अशी रीत. मामांनी मात्र स्वतःचं घर झाल्यापासून दरवर्षी सर्वपित्रीला वेगळी तीन लहान पानं मांडली. भटजींनी हरकत घेतली तर म्हणायचे, तुम्ही मोठ्यांचं बघा, ही माझ्या पुढची आहेत. पानांवर खीर आणि मऊ भात, तिखट काही नाही. कुणाची म्हणून विचारलं तर ‘लालबागची तिघं’ एवढंच. मामा गेल्यावर आता ती पानं माझी मामेबहीण मांडते.